फ्यूजच्या जागची तार

शहापूर आणि मुरबाड, ह्या दोन तालुक्यांत कुठेही झेरॉक्सचं मशीन बंद पडलं की माणसं आधी मशीनला शिव्या घालायची आणि मग शेखरला फोन लावायची. शेखर यायचा तो मोटरसायकलच्या टाकीवर काळी रेक्झिनची बॅग आडवी टाकून. बॅगेचा एक बंद तुटलेला, चेन अर्ध्यावर अडकणारी. पण ती उघडली की गिऱ्हाइकं आपलं काम विसरून तिच्यात डोकावायची. लांब दांड्याचा, टोकाला चुंबक असलेला स्क्रू ड्रायव्हर, म्हणजे स्क्रू मशीनच्या पोटात पडला तर बोंबलत बसायला नको. आखूड मानेचा दुसरा. नोज प्लायर, कटर, मल्टीमीटर, टॉर्च, स्पिरिटची बाटली, कापूस. स्प्रिंग ओढायचा आकडा त्याने सायकलच्या चाकाची तार घासून स्वतः बनवला होता आणि त्याचा त्याला भलताच अभिमान होता. ब्रश दोन, एक शाईची भुकटी झाडायचा आणि एक काचेसाठी. त्यांची अदलाबदल करणाऱ्याची तो गय करत नसे.

ह्या सगळ्याच्या तळाशी कॅमेऱ्याच्या रोलची एक काळी डबी होती. ती मात्र तो कुणासमोर उघडत नसे. डबीत तांब्याच्या तारेचे बोटाएवढे तुकडे होते.

मशीनच्या पोटात काय चालतं ते थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कागदावर शाईची भुकटी पडते ती नुसत्या फुंकरीनेही उडेल. ती पक्की बसते एका तापलेल्या रोलरखालून जाताना. रोलरच्या आत हीटर असतो. तो किती तापला हे बघायला रोलरला टेकलेली एक चिमुकली पट्टी असते. तिने सांगितलं की हीटर थांबतो. आणि ती पट्टीच बिघडली, हीटर तापतच राहिला, तर शेवटचा उपाय म्हणून शेंगदाण्याएवढा एक फ्यूज. तो जळतो, मशीन मरतं, पण बाकी सगळं वाचतं. त्या फ्यूजचं कामच मुळी जळण्याचं आहे.

तो जळला की नवा आणायचा कुठून? मुंबईहून. म्हणजे स्वतःचा अख्खा दिवस मोडायचा, नाहीतर रोज मुंबईला जाणाऱ्या कुणाच्या तरी हातापाया पडायचं. तोवर दुकानदार डोकं खाणार. म्हणून फ्यूजच्या जागी तार. दोन टोकं जोडली, पिळली, मशीन चालू. ही विद्या कल्याणच्या ज्या दुकानात शेखर शिकला तिथल्या देवराम मेस्त्रींची. मेस्त्री म्हणायचे, "दोन दिवसांपुरती घाल. आन् घालताना मालकाला चहा सांगायला धाड." शेखरने दोन्ही गोष्टी लक्षात ठेवल्या होत्या, पहिलीपेक्षा दुसरी जरा जास्त.

मुरबाडला कचेरीसमोर राघोचं झेरॉक्सचं दुकान होतं. २००९च्या त्या उन्हाळ्यात वनहक्काच्या दाव्यांची धामधूम चालली होती. डोंगराकडच्या वाड्यावाड्यांतून माणसं यायची, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेले कागद घेऊन. रेशनकार्ड, जंगलखात्याच्या जुन्या दंडाच्या पावत्या, बापाच्या नावाचा एखादा पिवळा पडलेला दाखला. ती माणसं राघोकडेच यायची ह्याचं कारण राघो नव्हे, सोमी. सोमी त्यांच्यातलीच, एका ठाकरवाडीतली, दहावी झालेली. चार-पाच वर्षं मशीनवर होती. कुठल्या कागदाच्या किती प्रती, फाटका कागद काचेवर कसा ठेवायचा, फिका असेल तर शाई किती वाढवायची, हे तिला सांगावं लागत नसे. माणसं दारातूनच विचारायची, "सोमी हाय का?" नसली तर पायरीवर बसून राहायची. राघोला ह्याचा राग येई आणि फायदाही कळे, म्हणून तो गप्प बसे.

दुकानात तिसरा माणूस म्हणजे राघोचा बाप, धोंडीबाबा. ऐकू कमी यायचं. सकाळी खुर्चीवर बसून कागदांना टाचण्या मारायचा, जेवण झालं की मागच्या खोलीतल्या खाटेवर आडवा व्हायचा. त्या खोलीला मागे एक दार होतं, पण राघोने त्याला टेकून कागदाचे गठ्ठे छतापर्यंत रचून ठेवले होते. दार आहे हेच सगळे विसरले होते.

अशा ऐन गर्दीत एका सकाळी मशीन बंद पडलं. शेखर पोचला तेव्हा रांग रस्त्यापर्यंत गेलेली आणि राघोचा चेहरा घामाने डबडबलेला.

"शेखर, कायपण कर, पण आज बंद ठेऊ नको. ही माणसं पहाटेची निघून आलीत."

शेखरने मागचं झाकण उतरवलं. सोमी टॉर्च धरून उभी. मल्टीमीटरची टोकं लावली आणि त्याला कळलं, फ्यूज गेलाय. रोलरवरच्या पट्टीवर भुकटीचा कडक थर बसला होता, तिला उष्णता कळतच नव्हती. त्याने थर खरवडला, स्पिरिटने पुसलं, पट्टी पुन्हा टेकवून बसवली. मग बॅगेत फ्यूज शोधला. नव्हता. शेवटचा खर्डीच्या एका दुकानात लागला होता.

"राघो, चहा सांगून ये जरा. आन् सोमी, तू बाहेर जाऊन सांग लायनीला, आर्ध्या तासात चालू होतंय म्हणून."

दोघं गेली. शेखरने काळी डबी उघडली, तुकडा काढला, टोकं जोडली आणि नोज प्लायरने पिळून घेतली. पीळ उजवीकडून, टोक आत मुडपलेलं, बोटाला टोचू नये म्हणून. ही त्याची लकब होती. चहा येईपर्यंत झाकण परत बसलं होतं.

मशीन चालू झालं तशी रांगेतली माणसं हसायला लागली. सोमीने पहिला कागद ठेवला, प्रत बाहेर आली, ती तिने उजेडात धरून बघितली. "दादा, पैल्यापेक्षा काळी येते," ती म्हणाली. धोंडीबाबाने खुर्चीतून वाकून शेखरच्या पाठीवर थाप मारली. "डागदर हाय हा, डागदर," तो बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात सगळ्यांना ऐकवून गेला. शेखर खूश झाला. स्तुती कुणाला आवडत नाही?

रोज मुंबईला जाणाऱ्या संदेशने आठवड्याभरात फ्यूज आणून दिला. संदेश आसनगावहून नोकरीला जायचा, असली कामं तो हसत करायचा. फ्यूज बॅगेच्या कप्प्यात जाऊन पडला. त्यानंतर एकदा शेखर टोकावड्याच्या कामाला जाताना राघोच्या दुकानाशी थांबलासुद्धा.

"जरा खोलून बघतो," तो म्हणाला.

राघोने हातच जोडले. "आता नको हात लावू, बाबा. लोण्यासारखं चाललंय. लाईन बघतोस ना? शटर टाकल्यावर बघ काय बघायचं ते."

इथे शेखरने एक वाक्य बोलायला हवं होतं. राघो, आत तार घातलीय, ती काढायची आहे. एवढंच. पण ते बोलायचं तर तार घातली होती हे कबूल करायचं, आणि परवाच ज्या दुकानात डॉक्टर म्हणून पाठ थोपटली गेली तिथे हे बोलणं त्याच्या जिवावर आलं. पुढच्या वेळी गुपचूप बदलू, असं म्हणून त्याने किक मारली. पुढच्या वेळी कसाऱ्याचं मशीन तातडीचं निघालं, त्याच्या पुढच्या वेळी घरी पाहुणे. मग ती तार त्याच्या ध्यानातून गेली ती गेलीच. माणसाला ज्याची लाज वाटते ते तो किती चटकन विसरतो, ह्याचा राग येतो.

त्या दिवसांत भर दुपारी लाईट जायची. भारनियमनाचा टाइम ठरलेला असे, पण तो पाळायची सवय कुणालाच नव्हती. कधी आधी जायची, कधी आधी यायची. त्या दुपारी राघो कागद आणायला कल्याणला गेला होता. लाईट गेली. सोमीने राहिलेले कागद ज्याचे त्याला परत दिले, धोंडीबाबा मागे झोपलाय हे बघितलं, आणि कुत्री-शेळ्या आत शिरू नयेत म्हणून शटर खाली ओढलं. कुलूप घातलं नाही. कचेरीच्या आवारातल्या झाडाखाली ती नेहमीसारखी भाकरी खायला गेली. वाडीहून आलेल्या दोन बाया भेटल्या, त्यांच्याशी बोलत बसली.

लाईट ठरल्या टाइमाच्या बरीच आधी आली. मशीन आपलंआपण चालू झालं आणि रोलर तापायला लागला. पट्टी पुन्हा भुकटीने माखली होती, तिला काही कळलं नाही. आणि ज्याने जळून मरायचं तो फ्यूज तिथे नव्हता, तिथे शेखरची तार होती.

शटरच्या फटीतून धूर दिसला तो पानटपरीवाल्या नामाला. त्याने आरडाओरडा केला. शटरला हात लावणाऱ्याचे तळवे भाजले. शेवटी बांबू घालून शटर उचललं, तेव्हा आतून जे बाहेर आलं त्याने सगळे मागे हटले. सोमी भाकरीचा हात तसाच घेऊन धावत आली आणि आत घुसायला लागली. तिला दोघांनी धरून ठेवलं. "बाबा आत हाय, बाबा आत हाय," ती ओरडत होती. धोंडीबाबाला बाहेर काढलं तेव्हा तो भाजलेला नव्हता. नाकातोंडाभोवती काळं झालं होतं, बस. तो खाटेवर नव्हता, मागच्या दाराशी कागदाच्या गठ्ठ्यांवर हात टेकून बसलेला सापडला. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला होता.

शेखरला दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. हवालदाराचा. "मशीन तुझ्या हातचं ना? मग येऊन बघ आन् सांग, आग कुठनं लागली."

मुरबाडच्या वाटेवर त्याला काय वाटत होतं ते सांगणं कठीण आहे. तार त्याला आठवली होती. फोन ठेवताना आठवली होती, दात घासताना आठवली होती, किन्हवलीच्या नाक्यावर गाडी उभी करून तो उगाच एक चहा प्यायला तेव्हाही ती समोर होती. कदाचित वायरिंगनेच लागली असेल, तो स्वतःला सांगत होता. जुनं दुकान आहे.

दुकानाच्या चारही भिंती काळ्या झाल्या होत्या. हवालदार नाकाला रुमाल लावून उभा होता. कोपऱ्यात राघो उकिडवा बसलेला, डोळे तांबारलेले, कपाळावर कालच्या स्मशानातली राख. बाहेर माणसं जमली होती आणि त्यांचं ठरूनही गेलं होतं. "बटन चालू ठेऊन गेली जेवायला." "वाडीवरच्या पोरींना मशीनचं काय कळतं?" ज्या पोरीच्या भरवशावर दुकान चाललं तिला काही कळत नाही, हे बोलायला लोकांना एक रात्र पुरली.

सोमी रस्त्यापलीकडे कचेरीच्या भिंतीला टेकून उभी होती. तिच्याजवळ कुणी नव्हतं.

शेखरने बॅग उघडली. मशीनचं झाकण वितळून आत बसलं होतं, ते कटरने तोडून काढावं लागलं. लांब स्क्रू ड्रायव्हरने त्याने जळका सांगाडा बाजूला सारला. रबर, प्लॅस्टिक, वायरींवरचं वेष्टण, सगळ्याची राख झाली होती. तांबं तेवढं शाबूत होतं. पीळ उजवीकडून, टोक आत मुडपलेलं.

"काय दिसतंय?" हवालदाराने दारातून विचारलं.

"बघतोय," शेखर म्हणाला.

हवालदाराला ठसका लागला. तो बाहेर जाऊन थुंकला आणि तंबाखू मळत कुणाशी तरी बोलायला लागला. राघो जमिनीकडे बघत होता. शेखरने नोज प्लायर आत घातला, तार उलटी पिळली आणि ओढून काढली. ती त्याने खिशात टाकली. हात इतका सराईत होता की मध्ये विचाराला जागाच मिळाली नाही, असं तो नंतर स्वतःला सांगत राहिला. पण ते खरं नव्हतं. विचार झाला होता. नम्रता, त्याची बायको, आणि दोन मुली त्याच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या होत्या, आणि ज्याच्या तारेने माणूस मेला त्याला ह्या दोन तालुक्यांत परत कोण बोलावणार, हेही.

मग त्याने मशीनच्या कडेचं बटन बघितलं. ते वितळून एका बाजूला चिकटून बसलं होतं.

"साहेब, बटन चालूच राहिलेलं," तो म्हणाला.

हे वाक्य खरं होतं. बटन चालू होतं. मुरबाडमधल्या निम्म्या दुकानांतली बटनं लाईट गेल्यावर चालूच राहायची आणि त्याने कुणाचं काही जळत नसे, हे शेखरने सांगितलं नाही. हवालदाराने मान डोलावली, लिहून घेतलं, सही घेतली. पुढे अपघात म्हणून त्याची नोंद झाली आणि सोमीला कुणी अटक वगैरे केली नाही. तिचा जबाब घेतला. तिने सांगितलं, बटन बंद केल्याचं मना आठवत नाय. ती खोटं बोलली असती तर बरं झालं असतं.

घरी जाताना शेखरने नदीच्या पुलावर गाडी थांबवली आणि तार पाण्यात फेकली. रात्री नम्रताने विचारलं, "कशानं लागली?" "बटन चालू राहिलेलं," तो म्हणाला. "बिचारी पोर," नम्रता म्हणाली आणि त्याच्या ताटात भात वाढला. तो जेवला.

दहाव्याला त्याने जायला नको होतं, पण राघोचा निरोप आला होता. न जावं तर लोक विचारणार. नदीकाठी पन्नासेक माणसं जमली होती. भटजींनी विधी उरकले, राघोने डोकं भादरलेलं, पिंड मांडून सगळे मागे सरले. आता कावळा शिवायची वाट बघायची. समोरच्या करंजावर कावळे होते, पण एकही खाली उतरेना.

ऊन चढत गेलं. पहिल्यांदा राघो पुढे झाला. "बाबा, आईला अंतर देणार नाय." कावळे बसून राहिले. "बाबा, दुकान परत उभा करीन." काही नाही. म्हाताऱ्याची बहीण रखमी पुढे आली, भाच्यांची नावं घेऊन काहीबाही बोलली. नातवाच्या लग्नाचं बोलून झालं, शेताच्या बांधाचं बोलून झालं. माणसं घामाने निथळत होती, एकमेकांकडे बघत होती. धोंडीबाबाचा जीव कशात अडकलाय हे कुणालाच कळेना.

शेखरला कळत होतं. त्याचा असल्या गोष्टींवर तसा विश्वास नव्हता. कावळे उन्हाने येत नसतील, माणसांच्या गर्दीने येत नसतील, असं तो एरवी म्हणाला असता. पण त्या काठावर उभं राहिल्यावर ते म्हणता येईना. म्हातारा त्याचीच वाट बघतोय असं त्याला वाटलं. पुढे व्हावं, हात जोडावे, मोठ्याने बोलावं. त्याने खरंच एक पाऊल पुढे टाकलं. तो खाकरला.

तेवढ्यात मागून रखमीचा आवाज आला. "त्या पोरीला आणा. तिनं माफी मागितल्याबिगर भाऊ माझा जायचा नाय."

सोमी आली होती. कुणी बोलावलं नसताना आली होती आणि लांब, गुरांच्या पाणवठ्याशी बसली होती. दोघी बायांनी तिला हाताला धरून आणलं. कुणी ढकललं नाही, कुणी शिवी दिली नाही. सगळे फक्त बाजूला झाले आणि तिला वाट करून दिली. शेखर तिच्यापासून हातभर अंतरावर होता. ती त्याच्या बाजूने पुढे गेली, पिंडासमोर गुडघे टेकून बसली.

"बाबा," ती म्हणाली. "बाबा, बटन मीच चालू ठेवला. शटर मीच ओढला. तुमी हाका मारल्या असतील. माझी चूक झाली, बाबा. मना माफ करा."

करंजावरून एक कावळा उतरला. दोन उड्या मारत पिंडापाशी आला, मान वाकडी करून बघितलं, आणि चोच घातली.

सगळ्या काठाने सुस्कारा सोडला. "शिवला, शिवला!" कुणी हात जोडले. रखमी रडायला लागली आणि रडतारडता तिने सोमीला जवळ घेतलं. राघोचाही बांध फुटला. तो पहिल्यांदाच मोकळा रडला. कुणाच्या मनात आता सोमीबद्दल राग उरला नव्हता. तिने केलं, कबूल केलं, म्हाताऱ्याने ते घेतलं. गोष्ट मिटली होती.

माणसं अंघोळी करून पांगू लागली. शेखर मोटरसायकलपाशी आला. सोमी वाडीच्या रस्त्याला लागलेली दिसली, एकटीच. त्याने गाडी तशीच ढकलत नेली आणि तिला गाठलं.

"सोमी, थांब गो जरा."

ती थांबली. डोळे सुजले होते, पण चेहरा निवळला होता, ताप उतरलेल्या माणसाचा असतो तसा. "दादा, तुमची पण माफी मागायची होती," तीच आधी बोलली. "मशीन तुमी किती मेहनतीनं उभा केला होता."

"सोमी, ऐक. चूक तुझी नव्हती. बटन चालू राहून काय होत नाय. मी आत तार घातली होती. फ्यूजच्या जागी. तिनं लागली आग. माझ्या तारेनं."

तो हे भराभरा बोलला, रस्त्याकडे बघत. बोलून झाल्यावर त्याने तिच्याकडे बघितलं. ती ऐकत होती. डोळ्यांत आणखी पाणी आलं होतं.

"कुठंय ती तार?" तिने विचारलं.

"फेकली. नदीत."

सोमीने मान हलवली, हळूच, लहान मुलाची समजूत घालावी तशी.

"नका दादा. मना बरं वाटावा म्हणून बोलता तुमी. तुमी बगितला ना, मी बोलले आन् कावळा आला? तुमची चूक आसती तर माझ्या बोलण्यावर कशाला आला आसता?"

"अगो, खरंच सांगतो..."

"आख्ख्या मुरबाडात एक तुमी आलात असं बोलायला. बाकी कोन आला?" ती वाकली आणि शेखर मागे सरायच्या आत तिने त्याच्या पायांना हात लावला. "तुमी लय चांगले आहात, दादा. पन मी नाय तुमच्यावर घालायची. माझा मी फेडीन."

शेखरने तिला खांद्याला धरून थांबवायला हवं होतं. परत नदीवर न्यायला हवं होतं, राघोसमोर, रखमीसमोर, सगळे अजून तिथेच कपडे बदलत होते. ह्यातलं काहीच त्याने केलं नाही. तो तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत उभा राहिला आणि त्याच्या छातीवरून काहीतरी उतरलं. त्याला हलकं वाटलं. आपण सांगितलं, तिने ऐकलं नाही, आता आपण काय करणार, असं त्याच्या मनात आलं, आणि ते मनात आल्याबरोबर त्याला स्वतःची किळस आली. पण हलकं वाटणं काही थांबलं नाही.

खिशात मोबाईल वाजला. सरळगावच्या दुकानातून होता, सकाळपासून मशीन कागद अडकवतंय, माणसं खोळंबलीत, लवकर या.

"निघालोच," शेखर म्हणाला, आणि त्याने किक मारली.